आल्कात्रास: आधी पक्षी की आधी तुरुंग?

निवृत्त_निवांत (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

लेक माद्रिदला असते. मागच्या सप्टेंबरात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा ती आम्हाला उत्तरेला सान्तान्देरला घेऊन गेली. समुद्राकाठी तिथल्या पक्ष्यांची चित्रं असलेला एक फलक होता. एका चित्राखाली लिहिलं होतं, ‘आल्कात्रास आत्लांतिको’. पांढराशुभ्र, बदकापेक्षा बराच थोराड पक्षी. पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, डोक्यावर हळदीची पुसट झाक. समोर समुद्रातही दोन-तीन होते. उंचावर तरंगायचे आणि एकदम पंख मिटून धोंडा टाकावा तसे पाण्यात पडायचे. मी अर्धा तास हललो नाही.

पण नावाने डोकं खाल्लं. अल्काट्राझ म्हणजे अमेरिकेतला तो बेटावरचा तुरुंग, एवढंच मला माहीत. सौ. म्हणाली, “कैद्यांच्या काळ्यापांढऱ्या कपड्यांवरून पक्ष्याला नाव दिलं असेल.” मला पटलंही होतं. लेक म्हणाली, बाबा उलटं आहे.

सध्या पुण्यात बुधवारी स्पॅनिशच्या वर्गाला जातो. सरांना विचारलं तर ‘अरबीतून आलाय’ एवढं सांगून ते क्रियापदांकडे वळले. तर प्रश्न असे: या शब्दाचा मूळ अर्थ काय? आणि अल्बट्रॉसशी याचं काही नातं आहे का? कान तरी तसंच सांगतोय.

खवचट_काका

सोपं आहे. अरबीत ‘अल्’ म्हणजे इंग्रजीतलं ‘द’. पुढे राहिलं कात्रास. म्हणजे ‘द कात्रज’. स्वारगेटहून बस मिळेल. धागा बंद करायला हरकत नाही.

मृण्मयी_क

काका 😂 कात्रजला प्राणिसंग्रहालय पण आहे, म्हणजे पक्षी आणि पिंजरा दोन्हीची सोय.

बे_एरिया_भट

तुरुंगाचा भाग मी घेतो, इथे राहून सतरा पाहुण्यांना तो दाखवून आणलाय.

आधी पक्षी. १७७५ मध्ये हुआन मानुएल दे आयाला हा स्पॅनिश आरमारी अधिकारी ‘सान कार्लोस’ जहाज घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत शिरला. खाडीचा पहिला नकाशा त्या सफरीत झाला आणि त्यात एका बेटाला नाव दिलं ‘इस्ला दे लोस आल्कात्रासेस’, आल्कात्रासांचं बेट. गंमत म्हणजे ते बेट बहुधा आजचं अल्काट्राझ नव्हेच! ते शेजारचं, आज येर्बा बुएना म्हणतात ते. पुढे १८२६ च्या सुमारास बीची नावाच्या इंग्रज कप्तानाने नव्याने मोजणी केली आणि नकाशात ते नाव सरकून आजच्या खडकावर येऊन बसलं. संघराज्याचा तो प्रसिद्ध तुरुंग १९३४ ते १९६३ एवढाच चालला. त्याआधी लष्करी किल्ला नि लष्करी तुरुंग होता. म्हणजे पक्षी किमान दीडशे वर्षं सीनियर.

खवचट_काका

नाव एका सर्व्हे नंबरचं, ताबा दुसऱ्याचा. तलाठी आपलाच दिसतोय.

अनुस्वार

निवांतकाका, उच्चारापासून सुरुवात करतो. स्पेनच्या बऱ्याच भागात शेवटचा वर्ण ‘थ’कडे झुकतो, आल्कात्राथ. लॅटिन अमेरिकेत आल्कात्रास. मधला त मात्र दोन्हीकडे आपला दंत्य त. ‘ट’ आणि ‘झ’ ही इंग्रजांची देणगी.

आता व्युत्पत्ती. आज स्पेनमध्ये हे नाव तुम्ही पाहिलेल्या डुबकीबहाद्दर पक्ष्याला आहे, इंग्रजीत त्याला गॅनेट म्हणतात. पण १६व्या शतकात हा शब्द मुख्यतः पेलिकनसाठी दिसतो, आणि कधी कधी सरसकट कुठल्याही थोराड समुद्रपक्ष्यासाठी. हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

पहिलं मत: अरबी ‘अल्-गत्तास’, म्हणजे बुडी मारणारा, पाणबुड्या.

दुसरं मत मला जास्त आवडतं. पोर्तुगीजमध्ये ‘आल्कात्रुझ’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ पक्षी नव्हे, रहाटाचं गाडगं! तो आला अरबी ‘अल्-कादूस’वरून, आणि कादूस आला ग्रीक ‘कादोस’वरून, म्हणजे मडकं, घागर. स्पॅनिशमध्ये त्याचंच ‘आर्कादुथ’ झालं. स्पेनमध्ये अरबांनी रहाट आणि पाटाच्या पाण्याची शेती रुजवली, त्यामुळे ही सगळी शब्दसंपत्ती त्यांची. रहाटालाही स्पॅनिशमध्ये ‘नोरिया’ म्हणतात, तोही अरबीच. तर या मतानुसार पेलिकनच्या चोचीखालची पिशवी बघून लोकांना रहाटाचं पाण्याने भरलेलं गाडगं आठवलं.

नागाव_वाडीकर

अनुस्वार, रहाटाचं नाव काढलंत आणि मी ऑफिसात बसल्या जागी अलिबागला पोचलो.

आमच्या वाडीत आजोबांच्या वेळेपर्यंत रहाट होता. विहिरीवर उभं मोठं लाकडी चाक, त्यावरून खाली सोडलेली दोरांची माळ आणि त्या माळेला ओळीने बांधलेली मातीची गाडगी. बाजूला रेडा गोल गोल फिरायचा, डोळ्यांना झापडं. गाडगी खाली तोंड करून उतरायची, भरून वर यायची, वरच्या पन्हळीत ओतायची आणि परत रिकामी खाली. पन्हळीतून पाणी पाटात, पाटातून सुपारीच्या आळ्यांत. पहाटे त्याची कुरकुर सुरू झाली की आजी म्हणायची, “रहाट बोलायला लागला, उठा.” मध्येच एखादं गाडगं फुटायचं, मग त्या जागी फेरी यायची तेव्हा पाण्याच्या आवाजात एक दात पडल्यासारखी फट ऐकू यायची. आजोबा न बघता सांगायचे, एक गेलं.

नंतर पंप आला. चाकाची लाकडं बंबात गेली. दोन गाडगी आईने तुळशीपाशी ठेवलीत अजून. आता गेलो की त्यांना आल्कात्रुझ म्हणेन, आई मला बंबात घालेल.

दोन_ओळी

वाडीकर, न बघता सांगायचे एक गेलं… वा.

सदू_सातारकर

आमच्याकडे देशावर मोट. मोटेची गाणी आहेत, रहाटाची ऐकली नाहीत. बाकी ‘संसाराचं रहाटगाडगं’ म्हणतो तेव्हा हे दृश्य किती जणांनी पाहिलेलं असतं? मी आज पहिल्यांदा नीट समजून घेतलं.

अनुस्वार

सदूशेठ, संस्कृतात याला ‘कूपयंत्रघटिकान्याय’ म्हणतात. विहिरीवरच्या यंत्राच्या घटिका, एक भरते तर एक रिती होते, तसं दैव माणसाशी खेळतं. आणि अगदी हीच उपमा १५व्या शतकाच्या अखेरच्या स्पॅनिश वाङ्मयातही आहे: जगाचं चाक फिरतं, त्याची काही गाडगी भरलेली, काही रिकामी. कुणी कुणाची उचलली वगैरे नाही. विहिरीपाशी बसलं की सुचणारी गोष्ट आहे.

पाणकावळा

पक्षीनिरीक्षक म्हणून नाक खुपसतो.

पेलिकनला मराठीत झोळीवाला म्हणतात. म्हणजे त्यांना गाडगं दिसलं, आपल्याला झोळी. पण एक गैरसमज दूर करू द्या. पेलिकन त्या पिशवीत पाणी साठवून वाहून नेत नाही. पिशवी म्हणजे त्याचं मासे धरायचं जाळं. एका घोटात दहा-बारा लिटर पाणी आत येतं, मग तो चोच छातीकडे दाबून पाणी बाहेर सोडतो आणि उरलेले मासे गिळतो. त्यामुळे ‘पाणी वाहणारं गाडगं’ ही उपमा शास्त्राच्या दृष्टीने चूक.

इतिहासाचा_कीडा

पाणकावळा, शास्त्राने चूक असेल पण लोकांना तसंच वाटत होतं हे नक्की. अरबीत पेलिकनला ‘सक्का’ असंही म्हणतात, म्हणजे पाणक्या, पखालवाला. चौशाच्या लढाईत (१५३९) शेरखानाकडून मार खाऊन पळताना हुमायून गंगेत बुडत होता, तेव्हा एका भिस्त्याने पखालीच्या आधाराने त्याला पार नेलं. बक्षीस म्हणून हुमायूनने त्याला थोडा वेळ तख्तावर बसवलं. त्याचं नाव इतिहासात निजाम सक्का. तोच शब्द! म्हणजे अरबांचा पेलिकन हा भिस्तीच झाला. त्यामुळे गाडग्याच्या मताला बळकटी मिळते असं मला वाटतं.

खवचट_काका

गाडगं, झोळी, पखाल. पक्षी आहे की बोहारीण?

खरवस

मला पहिलंच मत पटतं. निवांतकाकांनी डोळ्यांनी काय पाहिलं? पक्षी बुडी मारत होते. अरबीत बुडी मारणारा म्हणजे गत्तास. आल्कात्रास. संपलं. त्यासाठी कोकणातली विहीर कशाला उपसायची?

अनुस्वार

खरवस, तीन अडचणी आहेत. एक, ‘गत्तास’मध्ये र कुठे आहे? स्पॅनिशमध्ये तो हवेतून आला का? दोन, अरबी ‘ग़’चा सहसा ग होतो, इथे क कसा? तीन, आज बुडी मारणाऱ्या पक्ष्याचं नाव आहे म्हणून जुना अर्थही बुडीचाच, हे उलटं गणित झालं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसऱ्या मतातही खोट आहे. ‘आल्कात्रुझ’मधल्या उ चा आ का व्हावा, याचं समाधानकारक उत्तर नाही. त्यामुळे अरबीच्या काही अभ्यासकांनी तिसरी वाट काढलीय, की मुळाशी ‘ऐटीत चालणारा’ अशा अर्थाचा अंदालुसी (म्हणजे जुन्या स्पेनमधल्या) अरबीतला शब्द असावा. कोशांत म्हणूनच ‘कदाचित’ लिहिलेलं असतं.

खरवस

म्हणजे तुमचंही नक्की नाही. मग माझं चूक कसं?

अनुस्वार

तुमचं चूक नाही, तुमचं ‘संपलं’ चूक आहे.

पाणकावळा

भांडू नका, तुम्हा दोघांना जोडणारा एक पक्षी आहे माझ्याकडे. आपण भारतात बघतो ते पेलिकन पाण्यावर तरंगत मासे गाळतात, सूर मारत नाहीत. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा तपकिरी पेलिकन चक्क उंचावरून सूर मारतो. पिशवीही आहे आणि बुडीही! अटलांटिक ओलांडून गेलेल्या खलाशाला तो दिसला तर तो त्याला काय म्हणेल? घरून आणलेलं आल्कात्रास हे नाव त्याला फिट्ट बसणार. मग परत आल्यावर बुडी मारणारा पांढरा गॅनेटही आल्कात्रास. नाव एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर असं घसरलं असावं, हा माझा अंदाज. कोशात शोधू नका.

मूळ_संस्कृतच

अलं + कत् + त्रास. ज्याचा त्रास पुरे झाला तो. तुरुंगालाही लागू. सगळ्या भाषांचं मूळ एकच आहे हे कधी मान्य करणार?

मृण्मयी_क

माझ्या सासूबाईंनाही लागू.

सदू_सातारकर

संस्कृतदादा, तुम्ही आणि कात्रजवाले काका एकाच बसने जा.

दर्यावर्दी_देवगड

अल्बट्रॉसचं कुणीच बोललं नाही. मी मर्चंट नेव्हीत अठ्ठावीस वर्षं काढली. केपच्या दक्षिणेला एक जण जहाजामागे सलग तीन दिवस होता. पंख हलवताना मी त्याला क्वचितच पाहिलं. लाटेवरून वर चढणारा वारा घेतो, कलतो, खाली येतो, परत वर. भटक्या अल्बट्रॉसचे पंख साडेतीन मीटरपर्यंत भरतात. डेकवर आमचा रत्नागिरीचा एक खलाशी त्याला ‘मामा’ म्हणायचा. सकाळी उठला की पहिलं विचारायचा, “मामा हाय का?”

नावाचं असं की निवांतकाकांचा कान बरोबर आहे. पोर्तुगीज-स्पॅनिश खलाशांचं आल्कात्रास १६व्या शतकात इंग्रजांनी उचललं. मग त्याचं ‘अल्गाट्रॉस’ वगैरे काहीबाही होत १७व्या शतकात अल्बट्रॉस झालं, आणि दक्षिणेतल्या या प्रचंड पक्ष्याला चिकटलं. मधला ‘ब’ आला लॅटिन ‘आल्बुस’च्या ओढीने, आल्बुस म्हणजे पांढरा. पक्षी पांढरा दिसला, नावही पांढरं करून घेतलं.

अनुस्वार

आणि पुढचा अंक: इंग्रजीतलं हे रूप युरोपभर फिरून स्पॅनिशमध्ये परत आलं. आज स्पॅनिशमध्ये ‘आल्कात्रास’ही आहे आणि ‘आल्बात्रोस’ही, दोन वेगळे पक्षी म्हणून. स्वतःचाच नातू घरी आला आणि कुणी ओळखलं नाही.

पोळीभाजी

विषय निघालाच आहे तर स्पॅनिश पक्ष्यांची अजून नावं टाका ना कुणी. मला दोन येतात. आपला परीट पक्षी (धोबी पण म्हणतात), शेपटी सारखी वरखाली करत पाण्याकाठी फिरतो तो. स्पॅनिशमध्ये ‘लावान्देरा’, म्हणजे कपडे धुणारी. मला वाटायचं धोबीघाट फक्त आपल्याकडेच दिसला लोकांना.

दुसरं ‘उर्राका’. हा काळापांढरा, बडबड्या, चोरटा म्हणून बदनाम पक्षी, इंग्रजीत मॅगपाय. पण उर्राका हे बाईचं नाव होतं! लिऑन-कॅस्टीलची राणी उर्राका (१११० च्या आसपास गादीवर) प्रसिद्ध आहे. पक्ष्याला माणसाचं नाव द्यायची पद्धत.

इतिहासाचा_कीडा

राणी उर्राका ११०९ ला गादीवर आली, ११२६ पर्यंत राज्य केलं. नवऱ्याशी लढाया केल्या. तिच्यावरून पक्ष्याला नाव पडलं असं मात्र समजू नका. त्या काळात हे नाव कितीतरी बायकांचं होतं. आपण पोपटाला मिठू म्हणतो तसं.

मृण्मयी_क

आणि फ्लेमेन्को! नाच नव्हे, पक्षी. फ्लेमिंगोला स्पॅनिशमध्ये फ्लामेन्कोच म्हणतात, म्हणजे भिगवणला आपण थंडीत कुडकुडत बघतो ते रोहित. एक मत असं की ‘फ्लेमिश’ माणसांच्या लालसर गोऱ्या रंगावरून, दुसरं असं की ज्वाळेवरून. मराठीत त्याला अग्निपंख म्हणतात, तेव्हा माझं मत ज्वाळेला.

पोळीभाजी

मतदानाने व्युत्पत्ती ठरवणारा महाराष्ट्र हा पहिलाच.

मडगावकर

पक्ष्यांमध्ये पेरूला विसरू नका. पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ म्हणजे टर्की पक्षी. हिंदीतही टर्कीला पेरू म्हणतात. मराठीत पेरू हे फळ. माझ्या पुण्याच्या मित्राला नाताळच्या जेवणाला बोलावलं आणि ‘भरलेला पेरू आहे’ म्हटलं. तो बिचारा फोडणीचं सारण घातलेलं फळ समजून आला.

स्पॅनिश लोक टर्कीला ‘पावो’ म्हणतात. लॅटिनमध्ये पावो म्हणजे मोर. अमेरिकेतून टर्की आला, पिसारा फुलवतो म्हणून मोराचं नाव त्याला देऊन टाकलं. मग मोराचं काय? त्याला ‘पावो रेआल’ केलं, राजेशाही पावो. स्वतःच्या नावासाठी मोराला बढती घ्यावी लागली.

खवचट_काका

आमच्या खात्यात असंच झालं होतं. जागा दिली नाही, ‘विशेष’ हा शब्द दिला.

निवृत्त_निवांत

मंडळी, दोन दिवस गावाला होतो. आल्यावर हा खजिना. सगळ्यांचे आभार, खरवस आणि अनुस्वार यांचे जास्त.

काल वर्गात सरांना रहाटाच्या गाडग्याचं सांगितलं. ते चकित झाले, क्रियापदं पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाली, बाकीच्या पोरांनी मला दुवा दिला. वर्गातर्फे ऑनलाइन गप्पा मारायला एक मेक्सिकन बाई येतात, त्यांना विचारलं, आल्कात्रास म्हणजे काय हो? त्या म्हणाल्या, फूल! मेक्सिकोत आल्कात्रास म्हणजे कॅला लिली. पांढरं, एकाच पाकळीचं, नरसाळ्यासारखं गुंडाळलेलं. दिएगो रिव्हेराच्या चित्रांत पाठीवर भारे घेतलेल्या बायका आहेत ना, ती फुलं. पक्षी त्यांच्या ध्यानीमनी नव्हता.

सौ. ला दाखवलं. म्हणाली, “हे तर पाणी ओतायचं भांडंच दिसतंय.” मी आता तिच्याशी व्युत्पत्तीवर वाद घालत नाही.

बे_एरिया_भट

धागा वाचून शनिवारी मुद्दाम परत गेलो, दुर्बीण घेऊन. अल्काट्राझवर पेलिकन वस्तीला नाहीत. तिथे घरटी करतात ते गल आणि पाणकावळे (आयडी नव्हे, पक्षी). पण फेरीबोटीतून परतताना आठ तपकिरी पेलिकन पाण्याला लागून एका रांगेत गेले. पुढचा वर उचलला की मागचे एकेक करून वर, तो खाली की सगळे एकेक करून खाली. वाडीकर, मला तुमची दोराची माळच आठवली.

डीडीटीमुळे इथे त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन अंडी फुटायची, पक्षी संपत आला होता. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली, मग हळूहळू सावरले. २००९ मध्ये धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून बाहेर आले.

नागाव_वाडीकर

भटसाहेब, फोटो टाका. आईला दाखवतो.

मडगावकर

जाता जाता. धागाभर सगळे ‘तुरुंग, तुरुंग’ लिहिताय. तुरुंग हा शब्दच पोर्तुगीज आहे. ‘त्रोन्को’वरून. त्रोन्को म्हणजे झाडाचं खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी ठोकळा, त्यावरून कैदखाना.

अनुस्वार

आणि मराठीत त्या ठोकळ्याला काय म्हणतात? खोडा! खोडावरून खोडा, तिकडे त्रोन्कोवरून त्रोन्को. मडगावकर, जिंकलात.

निवृत्त_निवांत

म्हणजे मी सान्तान्देरला उभं राहून पोर्तुगीज शब्दात विचार करत होतो, की हा पक्षी आधी का तुरुंग आधी.

खवचट_काका

छान. आता कात्रजची व्युत्पत्ती सांगा. वेगळा धागा काढू नका, पुण्यात पार्किंग नाही.